ओसरीचा निस्तार

गोंदिया जिल्ह्यातल्या जुन्या मालगुजारी गावात शिरले की वाडा कुठे होता हे विचारावे लागत नाही. गावाच्या मधोमध उंच जोत्याचा एक लांबलचक पट्टा दिसतो. त्याच्या एका टोकाला कवेलूचे छप्पर आणि काळपट सागवानी खांब अजून उभे असतात, शेजारी गुलाबी रंगाचे स्लॅबचे घर असते, त्यापुढे पत्र्याचा शेड, आणि मग पुन्हा मातीच्या भिंतीचा एक तुकडा. हे सगळे एकेकाळी एकच घर होते. आता तिथे चार चुली आहेत, चार मीटर आहेत आणि चार दारे आहेत.

वाडा वाटला गेला म्हणून हळहळणारे पुष्कळ लोक भेटतात. मी त्यांच्यातला नाही. भाऊ वाढतात, चुली वेगळ्या होतात, एका मोठ्या घराची चार लहान घरे होतात, यात गैर काही नाही. ज्या घराला माणसे उरली नाहीत त्यापेक्षा चार संसारांनी भरलेले घर केव्हाही चांगले. माझी तक्रार वेगळी आहे. वाटणी करताना जी जागा वाटायची नव्हती तीही आपण वाटून टाकली. ती जागा म्हणजे ओसरी, ज्याला आमच्या झाडीपट्टीत बरेच जण सपरी म्हणतात.

मालगुजारी वाड्याची रचना आधी नीट पाहिली पाहिजे, कारण सगळा वाद त्या रचनेतच आहे. धानाने भरलेली बंडी बैलांसकट आत जाईल एवढे मोठे दार. आत अंगण, बाजूला बैलांचे कोठे आणि धान साठवायच्या ढोल्या. समोर तीन-चार पायऱ्या चढून लांब ओसरी, घडीव दगडांवर उभे केलेले सागाचे किंवा बिजाचे खांब, खांबांवर आडवे मयाल, वर बांबूच्या कमच्या आणि त्यावर कवेलू. ओसरीच्या मागे बैठक, तिच्या मागे माजघर, देवघर, सैपाकाची खोली, मग आतला चौक, विहीर आणि शेवटी परसातली सांदवाडी. भिंती मातीच्या, दीड-दोन हात जाडीच्या. घर जसजसे आत जाते तसतसे ते खासगी होत जाते. ओसरीपर्यंत गाव येत असे, बैठकीपर्यंत पाहुणा, माजघरापर्यंत नातेवाईक, आणि त्यापुढे फक्त घरचे.

ओसरीवर काय काय चालत असे? लगान तिथे भरला जाई. बियाण्याचे धान उसने तिथे मिळे आणि वाढीसकट तिथेच परत घेतले जाई. रोवणीच्या मजुरीचा हिशेब तिथे, तलावाचे पाणी आधी कुणाच्या बांधीत जायचे हा वाद तिथे, भावाभावांची भांडणे तिथेच. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस आले की दंडार या लोकनाट्याची तयारीही तिथे चाले. वाटसरू रात्रीपुरता ओसरीवर अंग टाकी आणि त्यासाठी घरातल्या कुणाला उठवावे लागत नसे. घर एका कुटुंबाच्या मालकीचे होते, पण त्याचा पुढचा दहा हातांचा पट्टा गावाच्या वापरातला होता.

ही व्यवस्था आभाळातून पडली नव्हती. मध्य प्रांत १८६१ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्या काही वर्षांतच इंग्रजांनी इथल्या पाटील-मालगुजारांना गावाची मालकी लेखी दिली. तोवर ते सारा गोळा करणारे होते, आता जमीनमालक झाले. पण ही मालकी मोकळी नव्हती. जळाऊ लाकूड, गुरांची चराई, गावतलावाचे पाणी, स्मशानाची वाट या गावकऱ्यांच्या गरजांना आमच्या भागात निस्तार म्हणतात. निस्ताराच्या आणि वहिवाटीच्या नोंदी त्या वेळच्या जमाबंदीत झाल्या, गावोगावची वाजिब-उल-अर्ज, म्हणजे वहिवाटींची नोंद, तयार झाली. ही परंपरा अजून कायद्यात जिवंत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १६१ निस्तारपत्रकाचे आणि कलम १६५ वाजिब-उल-अर्जाचे आहे. यातले दुसरे कलम मला फार मोलाचे वाटते. जी जमीन किंवा जे पाणी सरकारच्या ताब्यात नाही, त्यावरही गावाची वहिवाट असू शकते, आणि ती लिहून ठेवता येते, असे ते कलम मानते. खासगी मालकी आणि गावाचा वापर एकाच जागेवर नांदू शकतात, हे विदर्भाला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही.

मग १९५१ आले. त्या वर्षीच्या ३१ मार्चला मध्य प्रदेशच्या मालकी हक्क निर्मूलनाच्या कायद्याने मालगुजारी संपली. त्या वेळी गोंदिया भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रदेशात होता. मालगुजारांनी आणि कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव सरकारजमा झाले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा आहे, आणि पूर्व विदर्भात असे लहानमोठे तलाव हजारांनी आहेत. सरकारी कागदांत त्यांना माजी मालगुजारी तलाव असे नाव मिळाले आणि लोकांच्या तोंडी ते मामा तलाव झाले. गाळ, फुटके पाट आणि अतिक्रमणे यांनी त्यांची दुर्दशा झाली हे खरे. तरीही जिल्हा परिषदेच्या आणि पाटबंधारे खात्याच्या यादीत ते आहेत, त्यांच्या दुरुस्तीच्या योजना निघतात, त्यांच्यासाठी कुणाला तरी जाब विचारता येतो.

वाडा मात्र मालगुजाराकडेच राहिला. कायद्याच्या दृष्टीने तेच बरोबर होते, ते त्याचे राहते घर होते. पण त्या घराला जोडून जो गावाचा वापर होता तो कुठेच लिहिला गेला नाही. तलाव सार्वजनिक ठरला, घर खासगी ठरले, आणि ओसरी, जी दोन्ही होती, ती मुकाट्याने घराच्या पदरात पडली. लगान गेला, दिवाणजी गेला, धान ठेवायला ढोल्याही नकोशा झाल्या. पुढच्या पिढीत वाटणी झाली तेव्हा ओसरी हा नुसता चौरस फुटांचा हिशेब उरला होता. चार भावांनी तिचे चार तुकडे केले, आपापल्या तुकड्यापुढे भिंत घातली आणि तिथे खोली काढली.

इंग्लंडमधल्या खेड्यांत याच्याशी फार जुळणारी गोष्ट घडते आहे. तिथल्या गावाची ओसरी म्हणजे पब. दोनतीनशे वर्षांची इमारत, घोडागाडी आत नेण्याची कमान, पिंपे ठेवायचे तळघर, आणि शेकोटीभोवतीची मोठी खोली, जिथे गावातला कुणीही येऊन बसे. धंदा बसला की मालक इमारत विकतो, विकसक तिची दोन-तीन घरे करतो. इमारत वारसायादीत असेल तर दर्शनी भिंत, धुराडी, कमान, पाटी टांगायचा लोखंडी दांडा हे सगळे निगुतीने जपले जाते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला काहीच बदलले नाही असे वाटते. पण ज्या एका खोलीसाठी ती सगळी इमारत उभी होती, ती खोली तीन भिंतींनी कापलेली असते. वारसा जपणारा कायदा विटा-लाकूड जपतो, बसण्याची जागा जपायला तो पुरत नाही.

हे तिथल्या लोकांच्या ध्यानात आले आणि त्यांनी दुसरी वाट काढली. २०११ च्या लोकलिझम कायद्यानुसार गावातल्या लोकांचा गट एखादी इमारत गावाच्या उपयोगाची आहे असे स्थानिक परिषदेकडे नोंदवून घेऊ शकतो. ही नोंद पाच वर्षे टिकते. मालकाला इमारत विकायची असेल तर आधी कळवावे लागते. सहा आठवड्यांत गावाने घेण्याची इच्छा दाखवली, तर गावाला पैसे उभे करायला एकूण सहा महिन्यांचा अवधी मिळतो. विकायचे कुणाला, हे शेवटी मालकच ठरवतो. दक्षिण लंडनमधल्या ननहेड भागातला आयव्ही हाउस हा पब या नोंदीच्या आधाराने तिथल्या रहिवाशांनी २०१३ मध्ये स्वतः विकत घेतला. पुढे २०१७ च्या मे महिन्यापासून इंग्लंडमध्ये पबचा वापर बदलायला किंवा तो पाडायला नियोजन परवानगी सक्तीची झाली. गावाला हिसकावून घेण्याचा हक्क मिळाला नाही, पण आधी विचारले जाण्याचा हक्क मिळाला. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आता आपल्या वाड्याकडे परत येऊ, कारण इथे ओसरीबरोबर आणखी एक गोष्ट चुकीच्या रीतीने वाटली जाते आणि तिचा संबंध थेट घर पडण्याशी आहे. ती म्हणजे छप्पर. मालगुजारी वाड्याचा सांगाडा सलग असतो. एका खांबावर दोन बाजूंचे मयाल टेकलेले असतात, एका पन्हाळीत दोन उतारांचे पाणी येते. जमिनीवर खडूने रेघ मारून वाटणी करता येते, पण ती रेघ वर छपरापर्यंत नेली की घर मोडते. गोंदियात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एका भावाने आपला हिस्सा पाडून स्लॅब टाकला की शेजारच्या मातीच्या भिंतीची कड उघडी पडते. स्लॅबवरचे पाणी त्या सांध्यात उतरते. मातीची भिंत कोरडी असेपर्यंत शंभर वर्षे उभी राहते, भिजली की दोन पावसाळ्यांत फुगते. मग दुसरा भाऊ त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतो. हा उपाय तर रोगापेक्षा वाईट, कारण मातीत शिरलेला ओलावा गिलाव्यामुळे बाहेर पडत नाही, आतल्या आत भिंत कुजते. कवेलू दर उन्हाळ्याच्या शेवटी फेरावे लागतात. घर एक होते तेव्हा ते काम दोन-चार दिवसांत सलग होत असे. चार मालक झाले की एक फेरतो, दोघे पुढच्या वर्षावर टाकतात, चौथा पुण्याला असतो. गळती हद्द ओळखत नाही.

म्हणजे वाडा जुना झाला म्हणून पडतो हे पूर्ण खरे नाही. चुकीच्या रेघेवर कापला म्हणून तो पडतो.

या कापण्याला सरकारी योजनांचा हातभार लागतो, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर बांधायला अनुदान मिळते. ज्याच्या डोक्यावर गळके कवेलू आहेत त्याने ते घ्यावे, त्याला दुसरा सल्ला देण्याचा अधिकार मला नाही. पण गावठाणात दुसरी मोकळी जागा नसल्यामुळे घरकुल बहुधा वाड्याच्या हिश्श्यावरच उभे राहते, आणि त्यासाठी सागवानी खांबांचा एक पूर्ण गाळा पाडला जातो. योजनेच्या चौकटीत गरीब माणसाला नवे बांधणे सोपे आहे. जुने बळकट करणे त्याच्या खिशावर आहे. मातीच्या भिंतीचे जोते दगडाने बांधून घेणे, कुजलेले मयाल बदलणे, छपराखाली पाणी अडवणारा थर घालणे, मागे सांदवाडीत पक्के न्हाणीघर आणि शौचालय काढणे, या कामांनाही तेच अनुदान मिळाले पाहिजे. त्यातून घर पक्केच होते.

दुसरी योजना स्वामित्व. २०२० च्या एप्रिलमध्ये ती सुरू झाली आणि ड्रोनने गावठाणे मोजून घराघराच्या मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या. गावातल्या माणसाच्या हातात त्याच्या घराचा कागद पहिल्यांदाच आला, ही मोठी गोष्ट आहे. पण नकाशावर प्रत्येक इंच कुणाच्या तरी नावावर लागतो. ज्या ओसरीवर कालपर्यंत कुणी हक्क सांगितला नव्हता तिच्यावर रेघ पडते, आणि एकदा पडलेली रेघ पुसायला पुढे दिवाणी न्यायालय लागते. हे काम गावोगाव चालू असताना, ओसरीबद्दल बोलायची हीच वेळ आहे.

इथे एक आक्षेप येणार आणि तो यायलाच हवा. ज्या ओसरीचे तुम्ही गोडवे गाता ती कुणाची होती? तिच्या पायरीवर कोण बसे, अंगणात कोण उभे राही आणि दाराबाहेर कुणाला थांबावे लागे? वेठबिगार तिथेच फर्मावली जाई. बियाण्याच्या धानावरची वाढी तिथेच चढत जाई. महार आणि गोंड कुळांना त्या ओसरीची आठवण गोड वाटण्याचे कारण नाही. घरच्या बायकाही तिथे पुरुष नसतानाच येत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, तेव्हा मालगुजारी जाऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. पायऱ्यांचे नियम तेवढ्यात बदलले नव्हते. या आक्षेपातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. इंग्लंडच्या पबचा इतिहासही यापेक्षा स्वच्छ नाही. मजुरांची खोली वेगळी, साहेबांची वेगळी, आणि काळ्या माणसाला कित्येक ठिकाणी मज्जाव. सार्वजनिक जागी वंशभेद करायला तिथे बंदी आली ती १९६५ च्या कायद्याने.

पण या इतिहासावरून ओसरी नष्ट करावी असा निष्कर्ष निघत नाही. ज्यांना तिची पायरी चढू दिली नाही त्यांना ती पायरी चढता यावी, असा निघतो. आज वाड्याच्या ओसरीला भिंत घालून खोली होते तेव्हा जुना अन्याय दूर होत नाही. ज्यांना पूर्वी बाहेर ठेवले होते त्यांना आता कायमचे बाहेर ठेवले जाते, एवढेच होते. मालगुजाराच्या तलावाचे पाणी सर्वांचे झाले म्हणून आपण तलाव बुजवले नाहीत.

समाजमंदिर आहे, ग्रामपंचायतीचे भवन आहे, मग ओसरी कशाला, असेही विचारले जाते. या इमारती जरूर हव्यात. पण त्यांना कुलूप असते आणि किल्ली कुणाकडे तरी असते. ओसरीला कुलूप नसते, कारण तिच्यामागे राहते घर असते आणि घरातल्या माणसाचे लक्ष असते. रोवणीच्या दिवसांत पावसात सापडलेल्या बाईला पंधरा मिनिटे उभे राहायला, पेन्शनच्या कामाला आलेल्या म्हाताऱ्याला बसायला, शाळेतून आलेल्या पोरांना आईवडील शेतातून येईपर्यंत थांबायला किल्ली मागावी लागत नाही, अशी जागा गावात किती उरली आहे ते एकदा मोजून पाहावे.

सार्वजनिक हिस्सा वाटणीत लिहून ठेवला नाही, किंवा ढिला लिहिला, तर काय होते याचा मोठा धडा मुंबईने दिला आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागांसाठी शहराला, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. गिरणगावाच्या शेकडो एकरांतून शहराच्या वाट्याला आले ते तुकडे. एका दुरुस्तीने एवढे झाले, तर जिथे काहीच लिहिलेले नाही त्या खेड्यातल्या ओसरीचे काय सांगावे!

मग करायचे काय? कायदा बदलण्याची वाट पाहायची गरज नाही, सुरुवात वाटणीपत्रापासून होऊ शकते. आपल्या वाटणीपत्रांत विहीर सामाईक लिहितात, जायची-यायची वाट सामाईक लिहितात, कुठे देवघरही. त्याच यादीत ओसरी, बंडीचे दार आणि छप्पर लिहावे. आत प्रत्येकाने आपल्या गाळ्यात हवे ते करावे, हलक्या भिंती घालाव्यात, मागच्या बाजूने आपले दार काढावे, सांदवाडीत सैपाकघर आणि न्हाणी पक्की बांधावी. खांब, मयाल आणि कवेलू मात्र सर्वांचे, आणि त्यांच्या फेरणीचा खर्च हिश्श्याच्या प्रमाणात. चार घरे होतील आणि वाडाही राहील. लाकडी सांगाड्याच्या घराची हीच सोय आहे की त्यात भिंती भार पेलत नाहीत असे पुष्कळ गाळे असतात. तिथे वाटणी करायला जागा आधीपासूनच आहे.

भावकीत बोलणे बंद असेल तर हे जमणार नाही, असे म्हणतात. बोलणे बंद असले तरी विहिरीचे पाणी दोघेही भरतात, कारण ते लिहिलेले असते. शिवाय आता वाटणीला बहिणीही आहेत. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २३ नुसार, भावांनी वाटणी काढल्याशिवाय बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. ते कलम ९ सप्टेंबर २००५ पासून गेले, आणि उत्तम झाले. नागपूरला किंवा रायपूरला राहणाऱ्या बहिणीला गावात एक खोली घेऊन करायचे काय, हा प्रश्न खरा आहे. तिचा हिस्सा परक्याला विकला जातो आणि वाडा आणखी तुटतो. १८९३ च्या वाटणी कायद्यात यावर जुना तोडगा आहे: राहत्या घरातला हिस्सा घेणारा परका वाटणी मागायला न्यायालयात आला, तर घरच्यांना तो हिस्सा योग्य किमतीला घेता येतो. घरच्यांपैकी कुणाची ऐपत नसेल तिथे ग्रामपंचायतीने ओसरीपुरता हिस्सा घ्यावा. वाचनालय, अंगणवाडी, धान खरेदीची नोंदणी, बचतगटाची बैठक, यातल्या कशालाही ती जागा पुरते, आणि नवे भवन बांधण्यापेक्षा हे स्वस्तही पडेल.

सरकारकडे मागणे एवढेच. निस्तारपत्रकात चराई आणि स्मशान असते तशी, मालकाच्या संमतीने, वापरातल्या ओसऱ्यांची एक नोंद गावाने ठेवावी, आणि अशी ओसरी विकायची किंवा पाडायची झाली तर गावाला सहा महिने आधी विचारले जावे. सक्ती नको, ताबा नको, फक्त विचारणे.

कामठा, आमगाव या जुन्या जमीनदाऱ्यांच्या गावांपासून अर्जुनी मोरगावच्या तलावकाठच्या खेड्यांपर्यंत, ज्यांच्या घरी येत्या उन्हाळ्यात वाटणीचा कागद होणार आहे, त्यांना माझी विनंती आहे. कागद लिहिणाऱ्याला ओसरी आणि छप्पर सामाईक लिहायला सांगा. न्हाव्यापासून मास्तरापर्यंत गावातल्या कुणालाही, आणि जे कधीच तिथे बसले नाहीत त्यांना आधी, तिथे बसू द्या.